हरकत क्रमांक दोनशे सतरा

शनिवारी पालिकेचं ऑफिस सुटायला दहा मिनिटं असताना मधलीच्या टेबलावर हरकत क्रमांक दोनशे सतरा आली. तीन भावंडांत ती मधली, म्हणून घरात तिचं हेच नाव. अर्जदाराचं आडनाव वाचून तिने उचललेली पिशवी परत खाली ठेवली. ते तिच्या माहेरचं आडनाव होतं. अक्षरही ओळखीचं. गोल, ठसठशीत, पेशंटच्या तक्त्यांवर ताप आणि नाडी लिहून लिहून घोटलेलं. सिस्टरचं.

सिस्टर म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. सरकारी दवाखान्यात नर्स. लग्न होऊन आली त्या महिन्यातच गल्लीने तिला सिस्टर म्हणायला सुरुवात केली, आणि मग सासरच्यांनीही तेच नाव उचललं. मधलीची आई तर शेवटपर्यंत सुनेला सिस्टरच म्हणत गेली.

अर्ज चार ओळींचा होता. घरटंचाई पाहणीच्या कच्च्या यादीत पाण्याच्या टाकीमागची चार मजली इमारत 'बांधकाम अपूर्ण' अशी दाखवली आहे. हे खोटं आहे. इमारत चार वर्षांपूर्वी पूर्ण झाली असून तिच्यातली अकरा घरं कुलूप लावून रिकामी ठेवली आहेत. प्रत्यक्ष जाऊन बघावं. खाली मालकाचं नाव होतं, दादाचं. आणि फॉर्मात तसा रकाना नसतानाही सिस्टरने समासात लिहिलं होतं: 'नातं – थोरले दीर.'

मधली ह्या पाहणीवर दीड वर्ष राबली होती. चाळीस माणसं हाताशी घेऊन शहरातल्या प्रत्येक दारापर्यंत गेली होती. एका खोलीत किती जण झोपतात, किती बिऱ्हाडांत मिळून एक संडास, किती दारांना कुलूप, सगळं मोजून झालं होतं. साडेपाच हजार कुटुंबांना धड घर नव्हतं, आणि तीन हजारांहून जास्त घरं नुसती बंद पडून होती. दोन वर्षांवर बंद असलेलं घर पालिकेने पाच वर्षांच्या करारावर भाड्याने घ्यायचं आणि यादीतल्या कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून द्यायचं, असा ठराव झाला होता. म्हणूनच 'कुलूपबंद' की 'अपूर्ण' ह्या एका शब्दासाठी मालक मंडळी ऑफिसच्या पायऱ्या झिजवत होती.

दादाला पायऱ्या झिजवाव्या लागल्या नव्हत्या. त्याने एक फोन केला होता. "अगं, प्लंबिंग राहिलंय तिथलं. मी लेखी देतो ना." त्याने लेखी दिलं. अशा निवेदनानंतर स्थळपाहणी करायची असा नियम तिनेच लिहिला होता. त्या दिवशी ऑफिसात खूप काम होतं. पाहणी केली, ह्या चौकटीत तिने बरोबरची खूण केली आणि पुढचा कागद घेतला.

त्या खुणेकडे ती आता बघत राहिली.

*

दादाची माणसं ऑफिसात होतीच, बातमी त्याच संध्याकाळी त्याच्यापर्यंत पोहोचली. रविवारी सकाळी दहाला त्याने सगळ्यांना वडिलांच्या, अण्णांच्या घरी बोलावलं, म्हणजे तो आला आणि बाकीचे होतेच. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एवढ्यात अण्णा, आत्या, धाकटा, सिस्टर आणि तिची दोन मुलं. मुलांना शेजारी पिटाळलं होतं. मधली नवऱ्याला सरकारी क्वार्टरवर ठेवून एकटीच आली. बाहेरच्या खोलीत पाच माणसं बसली की सहाव्याला दारात उभं राहावं लागे, त्यामुळे धाकटा उंबऱ्यावर टेकला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर.

अण्णांनी पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम केलं होतं. हे घर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलं, सुट्टीच्या दिवसांत, उरलेल्या विटांचं. त्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं त्यांना खपत नसे. आज ते खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांच्या कपाळाची शीर उडत होती.

"कोर्टकचेऱ्या करायच्या होत्या तर आधी मला विचारायचं," ते सिस्टरला म्हणाले. "ह्या घरातलं भांडण आजवर ह्या उंबऱ्याबाहेर गेलेलं नाही."

"कोर्ट नाही अण्णा. हरकत आहे. कुणालाही घेता येते."

"कुणालाही! तू कुणीही आहेस का?"

"तेच म्हणते मी," आत्याने सुरात सूर मिसळला. आत्या ही अण्णांची विधवा बहीण. ज्याची बाजू जड दिसेल तिकडे ती आधी बसायची, आणि मग तिथलं आसन टोचायला लागलं की उठायची. "घरच्या माणसाविरुद्ध सरकारात अर्ज! आमच्या वेळी तर नवऱ्याविरुद्ध आईलासुद्धा सांगायची सोय नव्हती."

दादाने हात वर करून दोघांना थांबवलं. तो चिडलेला दिसत नव्हता. चिडणं त्याला परवडत नसे. धंद्यात आल्यापासून त्याने आवाज खाली ठेवून बोलायची सवय लावून घेतली होती, आणि आवाज जितका खाली तितकं काम मोठं, हे मधलीला लहानपणापासून ठाऊक होतं.

"हे बघ सिस्टर," तो म्हणाला, "झालं ते झालं. उद्या अकराला सुनावणी आहे. त्याआधी दोन ओळी लिहून दे. गैरसमजातून अर्ज केला, मागे घेते. संपलं. मी मनात काही ठेवणार नाही."

"तुम्ही मनात ठेवू नका. मी ठेवलंय."

"सिस्टर," मधलीने मध्ये तोंड घातलं. इथे आपण समजूत घालायला आलोय असं ती रात्रभर स्वतःला सांगत होती. "अगं, अर्ज मागे घे. मी आहे ना ऑफिसात. आपण आपापसात बघू काय करायचं ते."

सिस्टरने तिच्याकडे वळून पाहिलं. ती नाइट ड्यूटी करून आली होती, युनिफॉर्मही बदलला नव्हता. डोळे तांबारले होते, पण आवाज अजिबात थकलेला नव्हता.

"ताई, टाकीमागच्या इमारतीची पाहणी तुम्ही कुठल्या तारखेला केली?"

मधलीने पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

"फाइलीवर खूण आहे म्हणे. मी खिडकीवर विचारलं. वर कितव्या मजल्यापर्यंत गेलात? दारांचा रंग कुठला?"

अण्णांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं.

"बघितलंस?" दादाचा आवाज आणखी उतरला. "म्हणून म्हणतो, विचार करून बोला. अर्ज उभा राहिला तर आधी जाणार ही. हिची नोकरी, हिचं क्वार्टर. मला काय, दंड होईल, भरून टाकेन. हिचं काय होईल? मी तुमच्यासाठीच सांगतोय हे."

म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं. फोन करताना, लेखी देताना, ती खूण करेल हे त्याला ठाऊक होतं. ती खूण त्याने खिशात घालून ठेवली होती, लागली तर असावी म्हणून. मधलीला दादाचा राग यायला हवा होता. आधी आला तो स्वतःचा.

"आणि तुला काय मिळणार आहे गं?" दादा सिस्टरकडे वळला. "ठराव नीट वाचलास का? ताब्यात घेतलेलं घर मालकाच्या नातेवाइकाला देता येत नाही. अकरातलं एकही तुझ्या वाट्याला येणार नाही."

"वाचलंय. तेरावी अट."

"मग कशासाठी चाललंय हे सगळं?"

"राग आलाय म्हणून," सिस्टर म्हणाली.

आत्याने पदर सारखा करायचा अर्धवट सोडला.

"सासूबाई आठ महिने इथे पडून होत्या," सिस्टरने बोट केलं. दार आणि स्वयंपाकघर यांच्या मधली ती जागा, जिथे आता कपाट आलं होतं. "ह्या वाटेत. ज्याला पाणी प्यायचं तो त्यांच्या पायाला लागून जायचा. मी त्यांना पुसायला घेतलं की घरातले सगळे पुरुष रस्त्यावर, पोरं रस्त्यावर, आत्या चादर धरून उभ्या. रोज. दिवसातून तीनदा. दवाखान्यात बेवारस पेशंटलासुद्धा आम्ही पडदा लावतो. त्या काही मागत नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, सिस्टर, दार लावता येईल अशी खोली असती तर बरं झालं असतं. मी दादांकडे गेले. आठवतं दादा? फक्त एक खोली मागितली होती. सहा महिन्यांसाठी."

"तेव्हा पाणी जोडलेलं नव्हतं," दादा म्हणाला. "मी तेव्हाही हेच सांगितलं होतं. पाणी नसलेल्या घरात आजारी माणूस कसं ठेवणार?"

"अण्णांनाही हेच सांगितलंत."

"खरं होतं ते सांगितलं."

सिस्टरने पर्समधून एक जाड पिवळं कार्ड काढून अण्णांच्या मांडीवर ठेवलं. उंबऱ्यावरचा धाकटा ते बघून उठून उभा राहिला आणि कुठे जावं ते न कळून पुन्हा बसला.

धाकटा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. प्रत्येक लिफ्टचं असं एक कार्ड असतं, दर महिन्याला तपासणी करून त्यावर तारीख आणि सही घालायची. हे कार्ड टाकीमागच्या इमारतीतल्या लिफ्टचं होतं. दोन्ही बाजू भरलेल्या होत्या, चार वर्षांच्या तारखांनी. प्रत्येक तारखेपुढे धाकट्याची सही.

"शर्ट धुताना सापडलं," सिस्टर म्हणाली. "मागच्या महिन्यात. चार वर्षं माझा नवरा दर महिन्याला त्या इमारतीत जाऊन रिकामी लिफ्ट वरखाली करून येतोय. गंजू नये म्हणून. आणि रात्री येऊन इथे आईच्या खाटेखाली पाय घालून झोपत होता."

"अरे!" आत्या म्हणाली. आसन टोचायला लागलं होतं.

अण्णांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. "हे काय आहे?" त्यांनी धाकट्याला विचारलं.

धाकटा खाली बघत राहिला. "दादा म्हणाला होता, पुढच्या वर्षी एक घर तुझ्या नावावर करतो. घरात बोलू नको एवढ्यात. मग पुढच्या वर्षी म्हणाला, पुढच्या वर्षी."

"आणि तुझी आई?" अण्णांनी विचारलं.

"मला वाटलं, बोललो तर तेही जाईल."

"तुला वाटलं!" सिस्टर ओरडली. एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं त्या एका शब्दात बाहेर आलं. "आत्या नसल्या की चादर धरायला तू उभा राहायचास ना रे? तेव्हा काय वाटायचं तुला?"

"पुरे," दादा उठला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "माझ्या कष्टाची इमारत आहे. मी विकेन, ठेवेन, पाडेन. नवा रस्ता होईस्तोवर थांबलो तर दुप्पट भाव येईल, म्हणून थांबलोय. गुन्हा केला? ह्या घरात मी एकटाच वर आलो, तर सगळ्यांनी माझ्या पायाला लटकायचं ठरवलंय. आज तुम्ही मागाल, उद्या पालिका मागेल. कुठल्या तरी झोपडीतली माणसं आणून माझ्या घरात घालणार आणि मी बघत बसायचं?"

"मला बघायचंय," अण्णा म्हणाले.

"काय?"

"तुझी इमारत. चला. आत्ता."

"अण्णा, किल्ल्या घरी आहेत. आणि ऊन केवढं..."

धाकट्याने खिशातून जुडगा काढला आणि कुणाकडे न बघता जमिनीवर ठेवला. लिफ्टवाल्याला सगळीकडे जायला लागतं. त्याच्याकडे सगळ्या किल्ल्या होत्या.

*

पायी वीस मिनिटांचा रस्ता होता. अण्णा पुढे, कुणालाही हात न धरू देता. मागे सिस्टर, तिच्यामागे आत्या धापा टाकत. मधली सगळ्यात शेवटी चालत होती. ह्या रस्त्यावरची घरं तिला तोंडपाठ होती. डावीकडच्या पत्र्याच्या खोलीत नऊ जण. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या माळ्यावर नवराबायको आणि तान्हं मूल, उभं राहिलं तर डोकं आपटतं. पुढच्या गॅरेजमध्ये तीन भाऊ पाळ्यांनी एका खाटेवर. ह्या प्रत्येक दारात ती स्वतः गेली होती, वाकून, चपला काढून. आणि ह्याच रस्त्याच्या टोकाला जे एक दार होतं तिथे गेली नव्हती.

दादा गाडीने आधीच पोहोचला होता. फाटकाशी उभा होता, पण आडवा आला नाही. बापाला रस्त्यावर अडवलेलं चार लोकांनी बघितलं असतं.

अण्णा लिफ्टने गेले नाहीत. जिना चढले. प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीवर तळहात ठेवत होते. पहिल्या मजल्यावर त्यांनी नखाने गिलावा खरवडला. दुसऱ्यावर चौकटीचा कोपरा बोटांनी तपासला. खिडक्यांना आतून कागद चिकटवले होते आणि ते उन्हाने पिवळे पडले होते. तिसऱ्या मजल्यावर धाकट्याने दार उघडलं.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, आत संडास आणि न्हाणी. जमिनीवर धुळीचा एकसारखा थर, त्यावर उंदराच्या पावलांची एक बारीक रांग. आतल्या खोलीला खिडकी होती, आणि दार होतं. अण्णांनी ते दार लावून बघितलं. नीट लागत होतं. कडीही होती.

मग ते स्वयंपाकघरात गेले आणि नळ फिरवला.

आधी नुसती हवा आली. नळ खोकला, थरथरला, तांबडं पाणी ओकला. अण्णा हात खाली धरून उभे राहिले. तांबडं पाणी पिवळं झालं, पिवळ्याचं पांढरं, आणि मग स्वच्छ, जोरदार धार त्यांच्या हातावर पडायला लागली.

"चार वर्षं झाली ह्या भिंतीला," ते म्हणाले. "चारच्या वर असतील. कमी नाहीत."

"अण्णा, कनेक्शन मागाहून..." दादाने सुरुवात केली.

अण्णांनी ओला हात तसाच वळवून त्याच्या थोबाडीत मारली.

पंचेचाळीस वर्षं थापी धरलेला हात होता. दादा ओट्यावर आदळला. बावन्न वर्षांचा माणूस, गाल धरून उभा राहिला, आणि गालावरून पाणी शर्टात उतरत होतं. मधलीला वाटलं तो आता काहीतरी बोलेल, निदान रडेल. त्याने रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "उद्या वकील घेऊन येतो मी." आणि खाली निघून गेला. जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज सगळ्या रिकाम्या मजल्यांतून फिरत राहिला.

आत्याने नळ बंद केला. "वहिनी गेली तेव्हा हा सगळ्यात मोठ्याने रडला होता," ती म्हणाली.

*

सोमवारी साडेनऊला मधली साहेबांच्या केबिनबाहेर उभी होती. साहेब आले, तशी ती त्यांच्यामागे आत गेली आणि बसायच्या आधीच बोलली. "टाकीमागच्या इमारतीची स्थळपाहणी मी केलेली नाही. खूण खोटी आहे. मालक माझा सख्खा भाऊ आहे. मी लिहून आणलंय."

साहेबांनी कागद वाचला. वाचून झाल्यावर चष्मा काढून टेबलावर टाकला.

"दीड वर्ष," ते म्हणाले. "चाळीस माणसं. उन्हातान्हात, कुत्री अंगावर घेत फिरली. आणि तुम्ही, ज्यांनी नियम केला, त्यांनी खुर्चीत बसून खूण केली. आता प्रत्येक मालक काय म्हणेल कळतंय का? म्हणेल, हिने भावाला सोडलं, तर माझंही काय खरं धरता? तुमच्या एका खुणेपायी तीन हजार कुलपं सुटतील, बाई!"

"हो."

"हो काय?"

"मला काढा. पण माझ्या खुणा सगळ्या पुन्हा तपासून घ्या, साहेब. जिथे जिथे माझी सही आहे तिथे दुसरं माणूस पाठवा. बाकीच्यांचं काम खरं आहे. ते वाया घालवू नका."

साहेबांनी चष्मा उचलून पुन्हा चढवला. मग म्हणाले, "टेबल रिकामं करा. चौकशी होईल. आणि सुनावणीला येऊन हेच तोंडाने सांगा, सगळ्यांसमोर."

तिने सांगितलं. अकरा वाजता, लांबट खोलीत, मालक, भाडेकरू, वकील, कारकून अशा भरगच्च गर्दीसमोर. तिच्या हाताखालची मुलं मागे भिंतीला टेकून उभी होती. त्यातली एक, जिला तिने पहिल्या दिवशी 'दार उघडून बघितल्याशिवाय लिहायचं नाही' असं दरडावलं होतं, तिच्याकडे अशी बघत होती की मधलीला चौकशीचं काही वाटेनासं झालं. ह्या नजरेपेक्षा चौकशी बरी.

दादाचा वकील हुशार होता. हा घरातला वाद आहे, म्हणाला. अर्जदार बाईंना दिरांकडून घर हवं होतं, मिळालं नाही, म्हणून हा सूड. लिफ्टच्या कार्डाबद्दल म्हणाला, लिफ्ट बांधकामाच्या मालासाठीही वापरतात. बांधकाम पूर्ण झालंय हे सांगणारा कुणी जाणकार आहे का अर्जदाराकडे?

अण्णा उठले. धुतलेला सदरा घालून आले होते.

"आपण कोण?" सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं.

"गवंडी."

"किती वर्षांचा अनुभव?"

"पंचेचाळीस. ही कचेरी बांधली तेव्हा मी कामावर होतो. ह्या खोलीच्या मागच्या भिंतीत ओल आहे, ती तेव्हापासूनची आहे. मी सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही."

मागे कुणीतरी हसलं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी गिलाव्याचं सांगितलं, चौकटी कशा बसल्यात ते सांगितलं, नळाचं सांगितलं. सरळ, हातवारे न करता, जसा कामावर मुकादमाला हिशेब देत असतील तसा.

वकील उठला. "आपलं मालकाशी काही वैर?"

"नाही."

"ओळख?"

"बाप आहे मी त्याचा," अण्णा म्हणाले आणि खाली बसले.

अधिकाऱ्याने दुपारीच दोन माणसं इमारतीवर पाठवायचा हुकूम दिला. दादाने वकिलाच्या कानात काही सांगितलं. वकिलाने नकारार्थी मान हलवली. पुढे भांडण्यात आता काही अर्थ नव्हता, हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं.

*

बाहेरच्या बोळात हरकतवाल्यांसाठी एक बाक होता. अण्णा त्यावर जाऊन बसले. आत्या त्यांच्या शेजारी, धाकटा भिंतीला टेकून. सिस्टर घड्याळ बघत होती. दोनला तिची पाळी होती.

दादा आला. एका गालावर अजून सूज होती.

"आजपासून माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही," तो म्हणाला. "कुणीच."

"कुठल्या दारात रे?" आत्याने विचारलं. "राहतं धरून बारा आहेत तुला."

दादाने तिच्याकडे, मग मधलीकडे बघितलं. "तुझं तर सगळंच गेलं," तो तिला म्हणाला. "काय मिळवलंस?"

"मला काही मिळवायचं नव्हतं, दादा. तू मला खिशात घालून फिरत होतास. तेवढं संपलं."

तो गेला. धाकटा दोन पावलं त्याच्यामागे गेला, सवयीने, आणि मग सिस्टरने हाक मारलेली नसतानाही थांबला. सिस्टर त्याच्याशी कालपासून बोलत नव्हती. पुढेही बरेच दिवस बोलणार नव्हती, हे त्याला दिसत होतं.

मधली अण्णांच्या समोर उकिडवी बसली. त्यांचा चेहरा अजून तसाच होता, कपाळाची शीर उडत होती. तिला वाटलं होतं, बोलून झाल्यावर त्यांचा राग उतरेल.

"अण्णा, पाणी आणू?"

"तू बघायला गेली नाहीस," ते म्हणाले. "धाकट्याने बघितलं आणि सांगितलं नाही. थोरल्याने खोटं सांगितलं. ही सगळी तुमची पापं झाली." ते थांबले. जबडा नुसता हलत होता. "मी गवंडी. माझ्या घरापासून वीस मिनिटं. पोराची पहिली चार मजली इमारत. चार वर्षांत मला एकदा उठून जाता आलं नाही? कसली वाट बघत होतो मी? मी एकदा जाऊन भिंतीला हात लावला असता तर तिला खोली मिळाली असती. का नाही गेलो मी?"

मधलीला उत्तर माहीत होतं. ती ज्या कारणाने गेली नव्हती त्याच कारणाने. गेलं तर कळलं असतं, आणि कळल्यावर काहीतरी करावं लागलं असतं. अण्णांनी मूठ आवळून स्वतःच्या गुडघ्यावर मारली. एकदा, मग पुन्हा. आत्याने ती मूठ दोन्ही हातांत धरली तेव्हा ते थांबले.

आतून शिपायाने पुढचा क्रमांक पुकारला. दोनशे अठरा. बोळात एकदम धावपळ झाली. जे आत गेले त्यांच्या जागी मागचे पुढे सरकले: एक म्हातारी, तिचा मुलगा, कडेवर पोर घेतलेली सून. ती तिघं उभ्या उभ्या बाकाकडे बघत होती आणि बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला काही म्हणायला संकोचत होती.

सिस्टर वाकली आणि अण्णांच्या काखेत हात घालून म्हणाली, "उठा अण्णा. बाकावर बसायला लोक थांबलेत."